खाते तिचे, वही कुणाची?

“शेअरबाजार हा काय आपल्या अंकाचा विषय आहे?” असे मैत्रिणी विचारणार, याची मला कल्पना आहे. नाशिकच्या आमच्या गटात मी हा विषय काढला तेव्हाही एकजण म्हणाली होती, “तो भांडवलदारांचा जुगार. आपण त्यात कशाला पडायचे?” तिचे म्हणणे मला अगदीच चूक वाटत नाही. तरी लिहिते आहे, कारण आपण त्यात पडलो नसलो तरी आपली नावे केव्हाच पडली आहेत.

सिडकोत राहणारी आमची एक मैत्रीण आहे. डिमॅट खाते तिच्या नावावर, सही तिची. मोबाईल नंबर मात्र नवऱ्याचा आणि ओटीपीही त्यालाच येणार. तिच्या नावाने वर्षभर फ्युचर्स-ऑप्शन्सचे, म्हणजे वायद्याचे सौदे चालले होते. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडली, तेव्हा तिला ते कळले. विचारल्यावर उत्तर मिळाले, “तुला त्यातले काय कळणार?”

मग आम्ही सहाजणींनी ठरवले, कळून घ्यायचे. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्यात आहेत. त्यांनी एकच अट घातली: पैसा लावायचा नाही, वही घालायची. त्या जुन्या वर्षातले भाव एकेक दिवस वाचून दाखवत. आम्ही ‘घेतला’, ‘विकला’ असे लिहायचे, आणि का घेतला तेही लिहायचे. असे शंभर सौदे झाले.

बेरीज केली तेव्हा साठ सौद्यांत फायदा होता, सरासरी पाचशे रुपयांचा. चाळीसांत तोटा, सरासरी नऊशेचा. म्हणजे तीस हजार मिळाले आणि छत्तीस हजार गेले. दलाली आणि कर त्याहून वेगळे. शंभरात साठ वेळा आमचे बरोबर आले, तरी वही तोट्यात! फायदा दिसला की आम्ही घाईने विकत होतो आणि तोटा मात्र ‘उद्या वर येईल’ म्हणून सांभाळत बसत होतो. किती वेळा जिंकलो, एवढेच सांगणारा माणूस निम्मेच सांगतो, हे त्या दिवशी आम्हाला समजले.

दुसरा धडा नाण्याचा. हजार जणांनी दहा-दहा वेळा नाणे उडवले, तर त्यातल्या एखाद्याला दहाही वेळा छापा पडू शकतो. त्यात त्याचे कौशल्य काही नाही. पण उद्या तोच क्लास काढतो आणि उरलेले ९९९ जण कुणाला दिसत नाहीत.

ते उरलेले लोक सेबीच्या आकड्यांत दिसतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे बाजारात उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला होता. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. याच अभ्यासात असेही आहे, की २०२३-२४ मध्ये पुरुषांपैकी सुमारे ९२ टक्के तोट्यात गेले, तर बायकांपैकी सुमारे ८६ टक्के.

हे ऐकून आमच्यातली एक खुशीत म्हणाली, “बघा, बायका शहाण्या!” मला ते पटले नाही. एक तर शंभरात शहाऐंशी बुडणे हे शहाणपण नव्हे. दुसरे म्हणजे हा आकडा खात्यावरचे नाव मोजतो, बटण दाबणारा हात मोजत नाही. आमच्या सिडकोच्या मैत्रिणीची गणती कशात झाली असेल? आकडा समोर आला की तो कशाचा आहे, हे आधी विचारायचे. संख्याशास्त्राचे मला उमगलेले सार एवढेच आहे.

आणि आकड्यांनाही मर्यादा असतात. ती आम्हा नाशिककरांना कांद्याने शिकवली आहे. लासलगावच्या भावाचे मागच्या दहा वर्षांचे तक्ते कितीही नीट मांडले, तरी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली तेव्हा भाव कोसळायचे ते कोसळलेच. उद्याचा हुकूम कालच्या तक्त्यात नसतो. म्हणून गेले तर घर हलेल असा पैसा बाजारात लावायचा नाही. शंभराचे पन्नास झाले की पुन्हा शंभर व्हायला उरलेल्याची दुप्पट व्हावी लागते.

हे आपल्या गटांतून शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र शिकवायची ती पद्धत. ‘हा शेअर घे’ असे सांगायचे नाही. नोंदणीशिवाय असा सल्ला देणे कायद्यात बसत नाही. केवळ शिक्षण देणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत, असेही सेबीने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. जुने भाव आणि कोरी वही आपल्याला पुरे.

आमच्या सहाजणींपैकी कुणीही अजून वायद्यात पैसा लावलेला नाही. वहीनेच आम्हाला थांबवले. आणि सिडकोच्या मैत्रिणीने खात्याला स्वतःचा नंबर जोडून घेतला. त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता. बचत गटाच्या वहीत पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आपण, आपल्याच नावाच्या खात्याचा हिशेब मागायला का कचरतो? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एवढेच पाहून या: माझ्या नावावर कोणकोणती खाती आहेत, आणि त्यांचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो.