जसे आहे, जेथे आहे

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

"वार्षिकांकासाठी लेख द्यावेत; विषय शक्यतो सामाजिक असावा," अशी सूचना वर्गात वाचून दाखवण्यात आली, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "हिला भंगारावर लिहायला सांगा." वर्ग हसला, मीही हसले. घरी गेल्यावर मात्र वाटले, का लिहू नये? हुंडा, बेकारी आणि युवकांपुढील आव्हाने यांवर आपल्या अंकात दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांचा त्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आलेला असतो, हा प्रश्न मी विचारीत नाही. भंगाराशी माझा संबंध जन्मापासूनचा आहे एवढेच सांगते.

पण आधी एक दुरुस्ती. आमचे दुकान भंगाराचे नाही. भंगार वजनावर जाते, आमचा माल नगावर जातो. फरक बारीक वाटेल, पण आमच्या घरची चूल त्या फरकावरच पेटते. पुणे-बंगळूर महामार्गाच्या (जुने ड्रायव्हर अजून एन. एच. फोरच म्हणतात, आता त्याचा क्रमांक ४८ आहे) सेवारस्त्याला आमची पत्र्याची शेड आहे. मोडीत निघालेल्या मालट्रकांचे गिअरबॉक्स, क्लच, जॉइंट, डिफरन्शियल विकत घ्यायचे, खोलायचे, डिझेलने धुवायचे, चालण्याजोगे भाग वेगळे काढून विकायचे आणि उरलेले मग खरोखरच भंगारात घालायचे, असा हा धंदा. एखादे गॅरेज बंद पडले तर तिथला हायड्रॉलिक प्रेस, चेनकप्पी, पुलर, पान्ह्यांचे संच हेही आम्ही घेतो आणि विकतो. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार किंवा मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याची थोडीफार कल्पना येईल. आमचे दुकान त्यांच्यापुढे फारच लहान.

जुना गिअरबॉक्स पारखणे ही मात्र लहान गोष्ट नव्हे. आमचे आबा आधी तेलाचा बूच काढतात. तेल बोटांवर घेऊन हुंगतात. जळका वास आला तर पेटी गरम होऊन चाललेली असते. बुचाला पोलादाचा कीस चिकटला असेल तर आत काहीतरी झिजते आहे असे समजायचे. मग हाउसिंगवर हातोडीने हलकेच टिचकी मारतात. कुंभाराकडे आपण मडके वाजवून घेतो ना, तसेच. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजले तर कुठेतरी तडा आहे. पेटी उघडल्यावर गिअरच्या प्रत्येक दातावरून नख फिरवतात. या दातांची फक्त वरची साल कडक केलेली असते, साधारण मिलिमीटरभर. आतला गाभा मऊ ठेवतात, म्हणजे धक्का सोसतो. सालीला चट्टे पडू लागले की तो दात संपला. कोणी तो घासून गुळगुळीत करून देईलही, दिसेलही छान, पण साल गेलेली असते ती गेलीच. दातांवर निळसर झाक दिसली तर गिअर तेलाविना फिरला असे समजावे. डिफरन्शियलमधले क्राउन आणि पिनियन तर कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने बसवलेले असतात. एका गाडीचा क्राउन आणि दुसऱ्या गाडीचा पिनियन असा विवाह लावला तर चार दिवसांत घरभर ओरड सुरू होते.

हे सारे आबांना कळते, गिऱ्हाइकाला कळत नाही. माझ्या लेखाचा विषय खरे तर एवढाच आहे.

लिलावाच्या कागदांवर एक वाक्प्रचार असतो: माल 'जसा आहे, जेथे आहे' या तत्त्वावर विकला जाईल. मराठीच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी, पण इतके निर्विकार वाक्य मला आपल्या भाषेत दुसरे आढळलेले नाही. एखाद्या वेदान्त्याने लिहावे तसे ते आहे. अर्थ मात्र सरळ व्यवहाराचा: आत काय निघेल ते तुमचे नशीब. आबा लिलावातून माल याच तत्त्वावर घेतात, आणि कित्येकदा पेटी उघडल्यावर कपाळाला हात लावतात. आणि मग तेच तत्त्व ते पुढच्याला लागू करतात.

गेल्या वर्षी आम्हाला अर्थशास्त्राच्या तासाला जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध शिकवण्यात आला, 'द मार्केट फॉर लेमन्स'. अमेरिकेत बोलीभाषेत सदोष मोटारीला लेमन म्हणतात. निबंध अवघा तेरा पानांचा. छापून येण्यापूर्वी काही नियतकालिकांनी तो परत पाठवला होता आणि २००१ साली अकरलॉफना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळाले. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा. जुन्या मोटारीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा चांगल्या मालालाही मध्यम मालाचाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल बाजारातून निघून जातो आणि शेवटी रद्दी तेवढी उरते. वर्गात बाकीचे टिपणे काढीत होते, मी मात्र आमच्या शेडमध्ये पोचले होते. आबांचे नेहमीचे गाऱ्हाणे आठवले: "चांगल्या पेटीला चांगला भाव कुणी देतच न्हाई गं." ते अकरलॉफला न वाचता अकरलॉफ बोलत होते.

परंतु निबंधात मला एक माणूस सापडला नाही, तो म्हणजे मिस्त्री.

ट्रकचा मालक सहसा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर त्याच्या विश्वासाचा मिस्त्री असतो. मालकाला कळत नाही ते मिस्त्रीला कळते, म्हणजे अडचण सुटायला हवी. पण मिस्त्रीचे कमिशन कोण देतो? दुकानदार! घेणाऱ्याचे डोळे म्हणून जो आला, त्याची मजुरी विकणाऱ्याच्या गल्ल्यातून जाते. सगळेच मिस्त्री लबाड असतात असे मी मुळीच म्हणत नाही. आबांना हा धंदा एका मिस्त्रीनेच शिकवला. रीतच वाकडी आहे, असे माझे म्हणणे आहे.

दोन वर्षांपूर्वी, गळीत हंगाम ऐन भरात असताना, एक मिस्त्री टाटाच्या गाडीसाठी जी. बी. एस. ४० पेटी न्यायला आला. गाडीचा मालक स्वतःच ड्रायव्हर होता. हंगामात गाडी एक दिवस उभी राहिली तरी त्याचे नुकसान, म्हणून तो गाडीपाशीच थांबला होता. पेटी बरी होती, पण तिसऱ्या गिअरच्या बाजूचे लहान दात, ज्यांत स्लीव्ह अडकते, ते गोलसर झाले होते. आबांनी ते मिस्त्रीला दाखवले आणि त्यापोटी भावात कपात केली. पैसे मी मोजून घेतले. पावती दिली नाही. कोणी मागितलीही नाही.

महिन्याभराने तो ड्रायव्हर स्वतः आला. साखर भरून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या उतारावर त्याचा तिसरा गिअर आपोआप सुटला होता. चढावर इंजिन गाडीला ओढते. उतारावर गाडी इंजिनाला ढकलते, दातांवरचा दाब उलटा होतो आणि गोल झालेले दात स्लीव्ह सोडून देतात. गाडी न्यूट्रल झाली, इंजिनाचा आधार गेला, सगळा भार ब्रेकवर आला. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली.

"मालक, पोरं पोरकी झाली असती माझी," तो म्हणाला.

"मी मिस्त्रीला दावलं हुतं की. त्याबद्दल पैसं बी कमी केलं हुतं."

"कमी? मला तर त्यानं पुरं सांगितलं. आन दाताचं कायबी बोलला न्हाई."

आबा बराच वेळ गप्प होते. कपात मिस्त्रीच्या खिशात गेली होती आणि कपातीचे कारणही त्याच्याबरोबर तिथेच राहिले होते. आबांनी तिसरा गिअर आणि स्लीव्ह बदलून दिली, मजुरीही घेतली नाही. तो माणूस जाताना मला म्हणाला, "ताई, लिहून दिलं असतंसा तर मला वाचता येतंय." हे वाक्य मला लागले. पैसे मी घेतले होते आणि मीच त्या घरातली पदवीच्या वर्गात शिकणारी.

तेव्हापासून माझा आग्रह सुरू झाला की विकलेल्या प्रत्येक पेटीबरोबर चिठ्ठी द्यायची: हाउसिंग मूळचे की बदललेले, कोणता गिअर नवा, कोणता जुना, कोठे झीज आहे, भाव किती ठरला, आणि अमुक दिवसांत गिअर सुटला तर बदलून मिळेल. चिठ्ठी मिस्त्रीच्या हाती द्यायची नाही, मालकाला मोबाइलवर तिचा फोटो पाठवायचा. अकरलॉफनेही हमीचा उपाय सांगितलेला आहे, त्यात माझे असे काही नाही. आबांचे उत्तर तयार होते: "पावतीवर खोट लिहिली तर गिऱ्हाईक थांबंल का? ते फुडच्या दुकानात जाईल. तितं खोट नसतीच, कारण तितं कोण लिहीतच न्हाई." या उत्तराला तर्काने खोडता येत नाही, हे मी मान्य करते. काही गिऱ्हाइके खरोखर पुढे गेली. दोन मिस्त्री तर आमच्याकडे यायचेच बंद झाले. मग हळूहळू काही मालक स्वतः येऊ लागले. आबा त्यांच्याशी बोलताना "पोरगी लिहून देईल" असे कुरकुरत सांगतात. नफा वाढला असे मात्र मला सांगता येणार नाही. पहिल्या वर्षी तो घटला.

गंमत अशी की हत्यारांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. मध्यंतरी शेजारच्या गावातल्या एका मिस्त्रीने गॅरेज बंद केले. २०२० च्या एप्रिलपासून बी. एस. सहाच्या गाड्या आल्या, दोष शोधायला संगणक जोडावा लागतो, आणि मुलगा पुण्यात नोकरीला. त्याचा वीस टनी प्रेस आबांनी घेतला, तो तिथल्या तिथे बेअरिंग दाबून बघून. व्हाइस आवळून बघता येतो, कप्पीला ओझे लटकावून बघता येते. गिअरबॉक्स मात्र टेबलावर फिरवून काही कळत नाही. तो भरल्या गाडीत, घाटातच बोलतो. म्हणून तिथे शब्दाची गरज.

दुसरी गोष्ट चोरीच्या मालाची. गाडीच्या नोंदणी पुस्तकात चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे चोरीच्या ट्रकचे इंजिन विकणे अवघड आणि गिअरबॉक्स विकणे सोपे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा पूर्वी दंड संहितेच्या कलम ४११ खाली गुन्हा होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली आहे. पण 'जाणूनबुजून' या शब्दाच्या आडोशाला बरेच काही खपते. माल आणणाऱ्याच्या ओळखपत्राची आणि गाडीच्या कागदांची प्रत ठेवल्याशिवाय पेटी उतरवून घ्यायची नाही, हा नियम आबांचा स्वतःचा आणि माझ्या जन्माआधीपासूनचा. त्यापायी त्यांनी स्वस्तातले सौदे सोडलेले मी पाहिले आहेत.

आमच्या एका प्राध्यापकांचे मत आहे की हा सगळा व्यवसायच बंद व्हावा; जुन्या गाड्या मोडीत काढाव्यात, रस्ते सुरक्षित होतील. केंद्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टमध्ये मोडीचे धोरण जाहीर केले, सप्टेंबरमध्ये मोडकेंद्रांचे नियम आले आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या योग्यता तपासणीचे शुल्क वाढले. अगदीच थकलेली गाडी रस्त्यावर नसावी हे मलाही पटते. परंतु नवा गिअरबॉक्स घेणे ज्याला परवडत नाही, तो माणूस नवी गाडी घेईल ही अपेक्षा कोणत्या अर्थशास्त्रात बसते? शिवाय थकलेल्या गाडीतला प्रत्येक भाग थकलेला नसतो. बिडाचे हाउसिंग न तडकता दोन गाड्यांचे आयुष्य बघते. टाटा मोटर्ससारखी कंपनी स्वतः 'प्रोलाइफ' या नावाने नूतनीकरण केलेले जुने गिअरबॉक्स विकते. तेव्हा जुनेपण हा काही कलंक नाही.

मात्र प्राध्यापकांच्या आक्षेपातला एक भाग मला खोडता येत नाही आणि तो मी लपवणार नाही. आमच्या शेडच्या मागच्या बाजूला जुने ब्रेक ड्रम, स्टिअरिंगचे टाय रॉड, नकल असाही माल पडलेला आहे. माझे मत असे की ज्या भागात एका क्षणी सगळेच्या सगळे काम थांबते आणि माणूस मरतो, तो भाग चिठ्ठी देऊनही विकू नये. पेटी बिघडली तर बहुधा गाडी उभी राहते. टाय रॉड तुटला तर गाडी उभी राहत नाही. आबा म्हणतात, त्या मालात पैसे अडकलेत, वजनावर घातला तर निम्मेही निघणार नाहीत, आणि माझ्या शेवटच्या वर्षाची फी त्याच हिशेबात धरलेली आहे. "मग तुझी फी कशातनं भरू ते तूच चिठ्ठीवर लिही," असे ते गेल्या रविवारी म्हणाले आणि चहा न घेताच शेडमध्ये निघून गेले. त्यानंतर त्या ढिगातले दोन ड्रम विकले गेले आहेत. ते कोणी नेले हे मी विचारले. आबांनी सांगितले नाही.