मेंदूची शस्त्रक्रिया आणि घरातली माणसे

गेल्या महिन्यात फ्रीगंजमधील एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या मामंजींच्या मेंदूच्या आवरणातून एक गाठ वाढली असून तिची शस्त्रक्रिया इंदूरला व्हावयाची आहे. दोन्ही मुलांनी असे ठरविले की, वडिलांना ‘डोक्यातल्या नसेची किरकोळ तपासणी’ एवढेच सांगावे. मामंजी काही विचारीत नाहीत. मात्र रात्री दोनच्या सुमारास उठून कपाटातील विम्याचे कागद आणि बँकेची पुस्तके काढतात, चष्मा लावून पाहतात आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून देतात. भगिनी विचारतात, ‘‘हे नाटक आम्ही किती दिवस करावयाचे? आणि त्यांना धीर द्यावयाचा तो कोणत्या शब्दांनी?’’ त्यांच्या अनुमतीने हा प्रश्न येथे मांडीत आहे, कारण तो एकट्या त्यांचा नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या कपाटानेच दिले आहे. मामंजींना सारे कळलेले आहे. हे कुणाशी बोलता येईल, एवढेच कळलेले नाही. वडीलधाऱ्यांना आजाराचे नाव न सांगण्याची आपल्या घरांतली रीत जुनी आहे आणि तिच्यामागे माया असते, हे मी नाकारीत नाही. परंतु तिचा परिणाम असा होतो की, भय घरात सर्वांच्या वाट्याला येते आणि प्रत्येकाला ते एकट्याने सोसावे लागते. मुलगा वडिलांसमोर हसतो, वडील मुलासाठी हसतात, आणि सून दोघांचेही हसणे पाहून स्वयंपाकघरात डोळे पुसते. मामंजींना सांगावे, आणि ते मुलांनीच सांगावे. सुनेवर हे काम टाकू नये.

या बाबतीत एका प्राचीन वैद्याची साक्ष काढतो, कारण त्याचा आपल्या उज्जयिनीशी संबंध आहे. विनयपिटकातील महावग्गात जीवकाच्या कथा आहेत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला सात वर्षे मस्तकशूळ होता. मोठमोठे वैद्य सुवर्ण घेऊन निघून गेले; कुणी पाचव्या, तर कुणी सातव्या दिवशी मरण सांगितले. जीवकाने शस्त्र हाती घेण्यापूर्वी त्याला विचारले : सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे निजून राहाल काय? श्रेष्ठीने होकार दिल्यावरच त्याला मंचकाशी बांधून, मस्तकाची त्वचा छेदून, कवटीची शिवण उघडून जीवकाने दोन कृमी बाहेर काढले आणि जखम शिवून लेप लावला. पुढे श्रेष्ठीला कोणत्याही कुशीवर सात दिवसांपलीकडे राहवेना. एकवीस दिवसांनी तो बरा होऊन उठला, तेव्हा जीवकाने सांगितले की, एवढ्या दिवसांत तू बरा होणार हे मला आधीच ठाऊक होते; पण महिन्यांची भाषा केली नसती, तर तू इतकेही दिवस निजला नसतास.

यातील कृमींचा भाग आजच्या वैद्यकाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे कारण नाही. मला त्या कथेत महत्त्वाची वाटते ती शस्त्राआधीची बोलणी. जीवकानेही थोडी अतिशयोक्ती केलीच, हे खरे. पण ती दुखणे लहान करून सांगणारी नव्हती, मोठे करून सांगणारी होती. उलट, हाच जीवक पुढे पांडुरोगाने पीडित झालेल्या उज्जयिनीच्या प्रद्योत राजाकडे आला, तेव्हा राजाला तुपाचा तिटकारा म्हणून त्याने तूप काढ्याच्या रंगाचे आणि वासाचे करून पाजले, आणि राजाला उलटी होऊन कपट कळण्याच्या आत भद्दवतिका नावाच्या वेगवान हत्तिणीवर बसून नगरीबाहेर पळ काढला. राजा बरा झाला आणि त्याने मौल्यवान वस्त्रेही पाठविली, हा भाग निराळा. आजच्या मुलांना मात्र वडिलांना फसवून पळून जाण्यासाठी हत्तीण मिळावयाची नाही.

आधी सांगण्याचा गुण आधुनिक वैद्यकानेही मोजून पाहिला आहे. १९६४ साली अमेरिकेतील बोस्टन येथे एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील एका गटाला भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेटून वेदना कोठे होईल, किती वेळ राहील, कुशीवर कसे वळावे, स्नायू कसे सैल सोडावेत हे समजावून सांगितले होते. त्या गटाला वेदनाशामक औषध सुमारे निम्मेच लागले आणि ते रुग्ण सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. ती शस्त्रक्रिया पोटाची होती, मेंदूची नव्हे, हे ध्यानात ठेवूनही तिचा बोध घेण्यास हरकत नसावी.

आता सांगावयाचे काय? जुन्या पिढीच्या मनातील भीती पुष्कळशी तिच्या तारुण्यातल्या ऐकीव गोष्टींची असते. आपल्या देशात या शाखेची सुरुवात १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी आणि १९५० साली मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी केली. त्या काळी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांच्या छायेवरून गाठीचा ठाव घ्यावा लागे. रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन लंडनमध्ये झाले ते १९७१ साली. आज शल्यविशारद कवटीला हात लावण्यापूर्वी गाठ कोठे आहे, केवढी आहे आणि कोणत्या रक्तवाहिनीला टेकली आहे हे चित्रात पाहून जातो. मामंजींना ते चित्र दाखविण्याची विनंती डॉक्टरांना करावी. न पाहिलेली गाठ पाहिलेल्या गाठीपेक्षा नेहमीच मोठी असते.

आवरणातून उगवणाऱ्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. आपली कोणती, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही; वेदना होते ती त्वचेला आणि आवरणाला. कवटीचा तुकडा झाकणासारखा काढतात आणि बहुधा तोच परत बसवून लहान पट्ट्यांनी पक्का करतात. केस सगळे काढणार की छेदापुरते, हेही विचारून ठेवावे. पुरुषांना ही बाब क्षुल्लक वाटत असेल, पण स्त्रियांना नाही, आणि त्यांनी ती संकोचाने गिळू नये. संमतिपत्र शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी घाईने सही करण्यासाठी ठेवू नये. त्यात मृत्यू, पक्षाघात असे शब्द असतात. ते एक दिवस आधी बसून वाचले आणि प्रत्येकाचा अर्थ विचारला, तर त्यांची नांगी थोडी बोथट होते.

शुद्धीवर आल्यावर काय दिसेल, हे रुग्णाला आणि घरच्यांना दोघांनाही सांगितले पाहिजे. नळ्या असतील, चेहरा सुजेल, एखादा डोळा काळानिळा होऊन मिटलेला असेल. काही रुग्ण चार दिवस असंबद्ध बोलतात. परिचारिका तासातासाला नाव विचारील, बोट दाबावयास सांगेल, डोळ्यांत प्रकाश टाकील. डोळे, बोलणे आणि हालचाल यांवरून जागृती मोजण्याची ही पद्धत १९७४ साली ग्लासगो येथे सिद्ध झाली. तिची कल्पना नसलेल्या रुग्णाला वाटते की, आपले डोके बिघडले म्हणून हे पुन्हा पुन्हा विचारताहेत.

आणि रात्री दोनला उठण्याविषयी. मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड चालू असेल, तर त्याने झोप उडते, चिडचिड होते, रक्तातील साखर वाढते. ही सगळीच भीती नव्हे. दिवसाचा शेवटचा डोस लवकर घेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. परंतु औषध आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. घरगुती काढे, ॲस्पिरिन, तंबाखू यांतले काहीही लपवू नये.

ज्यांना आपल्या भीतीचीच लाज वाटते, त्यांच्यासाठी एक माहिती. हंगेरीचे विनोदी लेखक कारिंथी यांना १९३६ साली बुडापेस्टच्या कॉफीगृहात अचानक आगगाड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. गाड्या कोठेच नव्हत्या. निदान गाठीचे झाले. स्टॉकहोमला ओलिवेक्रोना यांनी केवळ जागा बधिर करून, ते जागे असताना त्यांची कवटी उघडली. पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. जन्मभर लोकांना हसविणाऱ्या त्या माणसाने आपली भीती त्यात लपविलेली नाही.

समाचाराला येणाऱ्यांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या समाजात माणुसकी भरपूर आहे. मौन कमी आहे. ‘‘आमच्या व्याह्यांचेही असेच होते,’’ अशी सुरुवात करणाऱ्याला घरातील कुणीतरी चहाच्या निमित्ताने आत बोलावून घ्यावे. ज्याला खरोखर मदत करावयाची आहे, त्याने मामंजींजवळ तासभर पत्ते खेळावेत, इंदूरला डबा पोहोचवावा, किंवा रात्रपाळी वाटून घ्यावी. रुग्ण मुंबईला न्यावयाचा असेल, तर परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांच्या निवासाचे काम करते. तेथे आधी चौकशी करून मग गाडीत बसावे. हीच शस्त्रक्रिया पूर्वी झालेला एखादा गृहस्थ ओळखीत निघाला, तर त्याची भेट दहा उपदेशांहून मोलाची. टाके कसे ओढतात, भूक केव्हा लागते, हे त्यालाच सांगता येते.

महाकाळाला अभिषेक, घरी जप अवश्य करावा. शिप्रेकाठी राहणाऱ्यांना हे मी काय सांगावे! जपाने श्वास संथ होतो, हाही लाभ थोडा नाही. मात्र अमावास्या टाळण्यासाठी शल्यविशारदाने दिलेली तारीख पुढे ढकलू नये. दाबाखाली असलेला मेंदू पंचांग पाहत नाही.

राहिली भाषा. रुग्णालयात विचारपूस हिंदीत होते आणि आपली माणसे एरवी उत्तम हिंदी बोलतात. पण दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत त्यांच्या काही जागा वेगवेगळ्या असतात, हे ओजेमान आणि व्हिटेकर यांनी १९७८ साली दाखवून दिले. गाठ वाणीच्या केंद्राजवळ असेल, तर ‘घरी मराठी बोलतो’ हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे, म्हणजे चाचणी दोन्ही भाषांत होईल. नसेल, तरी एका कागदावर हिंदीत लिहून तो परिचारिकेजवळ द्यावा : यांना घरी काय म्हणून हाक मारतात, ऐकू कोणत्या कानाने कमी येते, चष्मा कुठे ठेवला आहे, आणि शुद्धीवर येताना हे मराठीत उत्तर देतील, तो भ्रम समजू नये.