एकच गाडी, नांवें दोन, हमी वेगळी

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत मोजतों, खूर पाहतों, चार पावलें चालवितों आणि शक्य झाल्यास औतास जुंपूनही पाहतों. मोटारगाडी किंवा ट्रॅक्टर घेतांना यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. यंत्राचें पोट बंद असतें. तें किती वर्षें टिकेल हें घेणारास दिसत नाहीं. त्या न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल विकणारा जें लेखी वचन देतो, त्यासच हमी अथवा वॉरंटी म्हणतात. आमच्या बोरीसारख्या गांवांतूनही हल्लीं दारोदार यंत्रें दिसतात. परंतु हमीचा कागद शेवटपर्यंत वाचणारा गृहस्थ विरळाच. यास्तव या विषयावर चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

एका प्रसिद्ध उदाहरणानें आरंभ करूं. सुझुकी व टोयोटा या दोन जपानी कंपन्यांनीं भारताच्या बाजारासाठीं एकमेकींस गाड्या पुरविण्याचा करार मार्च २०१८ मध्यें केला. त्यान्वयें मारुती सुझुकीची ‘बलेनो’ हीच गाडी जून २०१९ पासून टोयोटाच्या दुकानांत ‘ग्लान्झा’ या नांवानें विकली जाऊं लागली. घडण सुझुकीच्याच कारखान्यांत, सांगाडा तोच, इंजिनेंही तींच. फरक काय तो पुढील जाळीचा, बोधचिन्हाचा व किरकोळ सजावटीचा. तरीही बलेनोस २ वर्षें अथवा ४०,००० किलोमीटर, आणि ग्लान्झास ३ वर्षें अथवा १,००,००० किलोमीटर, अशी हमी मिळत असे. आणि नवल असें कीं, आरंभीं एका प्रतीची ग्लान्झा तशाच बलेनोपेक्षां स्वस्तही होती.

लोखंड एक असतां वचनें दोन कां? अधिक मुदतीची गाडी अधिक मजबूत असली पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. पण येथें तें संभवत नाहीं, कारण दोन्ही एकाच सांच्यांतून निघालेल्या. तेव्हां कारण यंत्रांत नसून विकणाराच्या व्यवहारांत शोधलें पाहिजे.

पहिलें कारण असें कीं, गिऱ्हाइकास हमी देतो तो गाडीवर आपलें नांव घालून ती विकणारा. ती घडविली कोणी हा प्रश्न निराळा. टोयोटा त्या काळीं आपल्या इतर गाड्यांसही ३ वर्षांचीच हमी देत असे. दुसऱ्याकडून घेतलेल्या गाडीस कमी दिली असती तर घरची रीत मोडली असती. दुसरें कारण बाजारांतील जागेचें. मारुतीचीं दुरुस्तीचीं ठिकाणें देशभर पसरलेलीं. तिच्या गिऱ्हाइकास निराळा धीर देण्याची गरज थोडी. तीच वस्तु नव्या नांवानें विकावयाची, तर गिऱ्हाइकानें ओळखीचें दुकान सोडून इकडे कां यावें, यास कांहीं उत्तर लागतें. वाढीव मुदत हें असें एक उत्तर होय. तिसरें कारण, फुकट दिलेली मुदत पुन्हां विकतां येत नाहीं. मूळ हमी आखूड ठेविली म्हणजे पुढील वर्षांची हमी निराळे पैसे घेऊन विकण्यास जागा राहते.

यावर कोणी म्हणेल कीं, हमी कधींच फुकट नसते. तिचा खर्च किंमतींत मिसळलेलाच असतो, आणि गाडी जपून वापरणारा निष्काळजी माणसाच्या दुरुस्तीचे पैसे भरतो. हा आक्षेप खोटा नाहीं. पण यंत्र चांगलें असेल तर हा खर्च अल्प असतो, आणि तें तसें आहे किंवा नाहीं हें विकणारास जितकें ठाऊक तितकें घेणारास नसतें. जुळ्या गाडीचा उपयोग येथेंच होतो. एकानें ज्या यंत्राची जबाबदारी १,००,००० किलोमीटरपर्यंत पत्करली, त्याच यंत्राबाबत दुसरा ४०,००० वर थांबतो, तेव्हां यंत्र अशक्त म्हणून तो थांबला असें म्हणतां येत नाहीं. पुढें जुलै २०२४ मध्यें मारुतीनेंही आपली मूळ हमी ३ वर्षें अथवा १,००,००० किलोमीटर केली. एका दुकानांत जें २०१९ मध्यें शक्य होतें, तें दुसऱ्या दुकानांत होण्यास ५ वर्षें लागलीं. त्या ५ वर्षांत गाडी घेणारांपैकीं किती जणांनीं शेजारच्या दुकानाचा कागद पाहिला असेल?

शेतकऱ्यास हा प्रश्न चैनीचा नाहीं. सोयाबीन, कापूस व तूर यांच्या उत्पन्नावर हप्ते फेडणारा ट्रॅक्टरसाठीं कित्येक वर्षांचें कर्ज काढतो. हमी त्याच्या आधींच संपली तर हप्ता व दुरुस्ती हीं दोन्ही ओझीं एकाच खांद्यावर येतात. ट्रॅक्टरची हमी वर्षांबरोबर तासांवरही मोजतात, आणि नांगरटीच्या दिवसांत तास झपाट्यानें सरतात. येथेंही नांवें अनेक व धनी थोडे. ‘स्वराज’ बनविणारी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्यें महिंद्राकडे गेली; आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा २००५ मध्यें, मॅसी फर्ग्युसन बनविणाऱ्या टॅफेकडे गेला. हे ट्रॅक्टर एकमेकांच्या नकला नव्हेत. तथापि एकाच धन्याच्या दोन नांवांस दोन मुदती आढळल्या, तर त्याचें कारण विचारण्याचा हक्क घेणारास आहे.

मुदतीइतक्याच अटीही महत्त्वाच्या. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची लिफ्ट मुदतीच्या आंतच बिघडली. विक्रेत्यानें फुकट दुरुस्ती नाकारली; कारण एकदां तेल गांवच्या मिस्त्रीकडून बदललेलें होतें. अट कागदावर छापलेली होती, पण विकतेवेळीं ती कोणी वाचून दाखविली नव्हती. ऐन पेरणींत आठ दिवस भाड्याचा ट्रॅक्टर लावावा लागला.

खताच्या बाबतींत सरकारनें नांवांचा हा घोळ ओळखला. युरिया कोणत्याही कारखान्याचा असो, त्यांत नत्र शेंकडा ४६ असावेंच लागतें. म्हणून ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खतें ‘भारत’ या एकाच नांवानें येऊं लागलीं. यंत्रांस एकच नांव देणें शक्य नाहीं आणि इष्टही नाहीं, कारण हमीची चढाओढ गिऱ्हाइकाच्याच हिताची आहे. परंतु इंजिन कोणाचें, जोडणी कोणाची, आणि तेंच यंत्र दुसऱ्या नांवानें विकलें जात असल्यास तेथें हमी किती, हें विक्रीपत्रकावर छापण्याची सक्ती असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तोंपर्यंत स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. हमीचा कागद पैसे देण्यापूर्वीं मागून घ्यावा, तेल बदलल्याच्या व सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवाव्या, आणि बिघाड झाल्यास तोंडी न सांगतां लेखी कळवावें. वचन मोडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वयें २ वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करतां येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस फी पडत नाहीं. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठीं स्वतः वापरावयास घेतलेलें यंत्र व्यापारी हेतूचें ठरत नाहीं. शेतकरी हाही ग्राहकच, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ मध्यें बियाण्यांच्या खटल्यांत मान्य केलेलें आहे.

आणखी एक काम एकट्यादुकट्याचें नसून संघाचें आहे. प्रत्येक हंगामापूर्वीं तालुक्यांत मिळणाऱ्या यंत्रांच्या हमीचें व अटींचें कोष्टक करून तें सभासदांपुढें ठेवावें, आणि दहा जणांस ट्रॅक्टर घ्यावयाचे असतील तर दहांनीं मिळून भाव व मुदत ठरवावी. एकटा गेला तर जो कागद पुढें येईल त्यावर तो सही करतो. दहा जण गेले तर कागदांतील ओळ बदलण्याची गोष्ट बोलतां येते. बैलाचे दांत मोजण्यास आपण चुकत नाहीं. हा कागदही तितक्याच निगुतीनें तपासावयास शिकलें पाहिजे.