चोर सोडून संन्याशाला फाशी



आपण भोपाळकर मराठी माणसे पैशाच्या बाबतीत तशी सावध. पण बँकेच्या पाटीवर 'महाराष्ट्र' दिसले आणि काउंटरवर मराठी ऐकू आले की ही सावधगिरी संपते. "पैसे बँकेत आहेत" म्हणून आपण निर्धास्त झोपतो. ही झोप उडावी म्हणूनच आज लिहीत आहोत.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक आठवा. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. खात्यात कितीही रक्कम असो, सहा महिन्यांत मिळणार फक्त १,००० रुपये! कारण काय? बँकेने वाटलेल्या कर्जातले शंभरातले सुमारे त्र्याहत्तर रुपये, म्हणजे ६,५०० कोटींच्या आसपास, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते. कर्ज थकले तरी ते थकीत दाखवले नाही. समूहाची ४४ खाती झाकण्यासाठी रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीत २१,०४९ बनावट खाती घुसडली होती, असे पोलिस तपासात पुढे आले. ती खाती बँकेच्या संगणकात नव्हतीच!

आम्ही विचारतो, लेखापरीक्षक सह्या करत होते, तपासणी होत होती, मग यादी आणि संगणक शेजारी ठेवून कोणी ताडून का पाहिले नाही? साधा किराणावालासुद्धा रात्री वही आणि गल्ला जुळवूनच दुकान बंद करतो. आणि हा रोग फक्त सहकारी बँकांचा, असेही कोणी समजू नये. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या नीरव मोदी प्रकरणात परदेशी हमीचे संदेश बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीला जोडलेलेच नव्हते. तिथेही वही वेगळी, गल्ला वेगळा.

शिक्षा मात्र आधी ठेवीदाराला! जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण. त्यावरच्या रकमेसाठी सामान्य ठेवीदाराने दहा वर्षांपर्यंत वाट पाहायची. संस्थांचे तर विचारूच नका. त्यांच्या विम्याबाहेरच्या ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे १ टक्का लाभांशाचे प्रेफरन्स शेअर झाले. उद्या आपल्या मंडळाच्या देणग्यांचे असे झाले, तर देणगीदारांना कोणत्या तोंडाने उत्तर देणार?

भोपाळला हे नवे नाही. १९८४ नंतर अँडरसन विमानाने निघून गेला आणि भरपाईच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे राहिले ते गॅसपीडित. बँक बुडाली तरी रांग आपलीच.

२०२० मध्ये कायदा बदलला, रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. तरी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतून १२२ कोटी गायब झाल्याचे निघालेच. अधिकार वाढवून काय उपयोग, तिजोरी उघडून पाहणार कोण?

आमच्या मागण्या साध्या आहेत. एका समूहाकडे बँकेचे किती कर्ज आहे, ते दरवर्षी सभासदांना छापून कळवा. खोट्या ताळेबंदावर सही करणाऱ्यालाही आरोपी करा. ठेवीदाराचे खाते गोठवण्याआधी संचालकांची मालमत्ता गोठवा.

आणि मंडळींनो, आपणही वार्षिक सभेला चहा-वड्यापुरते जाऊ नका. अहवाल वाचा, उठून प्रश्न विचारा. पैसा आपला आहे, पहाराही आपणच द्यायला हवा.