हिला म्हणे कळतं!

आमच्या कन्नडमध्ये आमच्या सौ.ची एक ख्याती आहे. "त्यांना आधी कळतं!" बारा वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या भावाची मोटार कन्नडच्या घाटात उलटली, त्या रात्री दोनच्या सुमारास ही दचकून उठून बसली होती. भाऊ गेला. तेव्हापासून हरवलेल्या पाटल्या, मुलींची स्थळे, मुलांचे निकाल, यांबद्दल विचारायला आळीतल्या बायका आमच्याकडे येऊ लागल्या. खोटे कशाला बोलू, मीही ही गोष्ट चारचौघांत ऐटीने सांगत असे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या वहिनी आल्या. यजमानांच्या हृदयाचे ऑपरेशन करावे, असे छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितले होते. तारीख दिवाळीनंतरची होती. "तुम्ही सांगाल तसं करते. करू की नको?"

त्या रात्री सौ. जेवली नाही. मला म्हणाली, "अहो, मला खरंच कळतं का, ते एकदा तपासा. माझ्या शब्दावर कुणाचा जीव टांगायचा नाही मला."

पुण्याला संख्याशास्त्र शिकणारा भाचा सुट्टीला आलाच होता. त्याने अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील डॉ. राइन यांची गोष्ट सांगितली. १९३४ साली त्यांनी अतींद्रिय ज्ञानावर ग्रंथ लिहून जगभर खळबळ उडवली. त्यांचे पत्ते पंचवीस; चिन्हे पाच : वर्तुळ, फुली, लाटा, चौकोन आणि तारा. नुसत्या अंदाजाने पंचवीसपैकी सरासरी पाच बरोबर येतात. कायम त्याहून बरेच जास्त आले, तर काहीतरी आहे म्हणायचे.

भाच्याने पुठ्ठ्याचे पत्ते केले. तो माजघरात, मामी स्वयंपाकघरात, मध्ये बंद दार. पत्ता उचलला की तो वाटी वाजवी, मामी चिन्ह लिही. पहिल्याच डावात नऊ बरोबर! मी पेढे आणायला निघालो.

"मामा, बसा," भाचा म्हणाला. "नुसत्या अंदाजानेसुद्धा वीस-बावीस डावांत एकदा नऊ किंवा जास्त येतात. वीस डाव खेळायचं आपण आधीच ठरवलंय."

चार संध्याकाळी वीस डाव झाले. पाचशे पत्त्यांत बरोबर आले एकशे तीन. अंदाजाने शंभर आलेच असते.

मग हे परामानसशास्त्र म्हणजे शास्त्र की थोतांड? माझ्या मते, कसोटी आधी ठरवली, चुकाही मोजल्या आणि दुसऱ्यांना तोच प्रयोग करू दिला, तर तो अभ्यास शास्त्रीयच. १९६९ साली अमेरिकेच्या विज्ञानसंघाने या अभ्यासकांच्या संस्थेला संलग्न करून घेतले, ते उगीच नव्हे. पण ज्या शक्तीचा शोध चालला आहे, ती काही हाती लागत नाही. राइन यांच्या सुरुवातीच्या काही पत्त्यांची चिन्हे मागूनही ओळखू येत. २०११ साली डॅरिल बेम या नामवंत मानसशास्त्रज्ञांनी भविष्य आधी जाणवते असे दाखवणारे प्रयोग छापले. इतरांनी तेच करून पाहिले, तर तसे काही आढळले नाही.

आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी ज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली. कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी शेकडा ४६ बरोबर. नाणे उडवले असते तरी पन्नास आली असती! २००९ साली हे प्रसिद्ध झाले.

आमच्या घाटाखाली पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथला शिलालेख १२०७ सालचा. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. तेव्हा गणित आणि भाकित एकाच घरात नांदत. मोजदाद सुरू झाली, तशी त्यांची चूल वेगळी झाली.

वही मिटताना सौ. हळूच म्हणाली, "भाऊ गेला ती रात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण मी दचकून उठले आणि काहीच झालं नाही, अशा रात्री कितीतरी आहेत. त्या कुणी मोजल्या?"

मी गप्प बसलो. एवढे तर संख्याशास्त्र शिकलेल्यालाही सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती शेजारी गेली. "वहिनी, मला काही कळत नाही हो. डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून काढू. मी येते तुमच्याबरोबर." आणि गेलीही.

भाऊबीजेला तिने नेहमीप्रमाणे भावाच्या तसबिरीला ओवाळले. त्याची आठवण यायला कसल्या शक्तीची गरज नव्हती.

शेजारचे यजमान आता रोज सकाळी फिरायला जातात. पण वाचकहो, एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, असे भाच्याने बजावले आहे. तेव्हा तो दाखला मी देत नाही!