बाळाची शी, डब्याचं दूध आणि नळाचं पाणी

आपल्या वस्तीत तान्ह्या बाळाला बघायला कुणी आलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "दूध पुरतंय का गं?" आणि दुसरा, "शी होते का रोज?" दोन्ही प्रश्न मायेपोटीच विचारले जातात. पण कित्येक घरांत याच दोन प्रश्नांमधून वाट काढत पावडरच्या दुधाचा डबा येतो. बाळानं तीन दिवस शी केली नाही की आजी एरंडेलाचं बोट चाटवते, शेजारीण साबणाची कांडी लावायला सांगते. चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "आईच्या दुधातच दम नाही." पाचव्या दिवशी मेडिकलमधून डबा येतो. डब्यानं शी घट्ट होते, बाळ कुंथतं, रडतं, आणि मग ग्राइप वॉटर, घुटी, नवा डबा अशी रांग लागते.

आमचं मत आम्ही सुरुवातीलाच सांगतो. बाळाच्या शीवरून आईच्या दुधाला नावं ठेवणं आपण बंद केलं पाहिजे. डब्याचं दूध विष नाही, काही बाळांना ते लागतंच. पण आपल्या वस्त्यांत ते बहुतेक वेळा गरज म्हणून येत नाही, गैरसमजातून येतं. आणि आपल्याकडचं पाणी, आपली कमाई आणि आपल्या बायांच्या कामाचे तास पाहता या गैरसमजाची किंमत बाळाला मोजावी लागते.

आधी शीबद्दल बोलू. लाजण्यासारखं त्यात काही नाही. जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत बाळ काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी करतं. ४८ तास उलटूनही ती झाली नाही तर डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, पातळ, मोहरीसारखे कण असलेली होते. दिवसातून पाच-सहा वेळा, कधी प्रत्येक पाजण्यानंतर होते. तिला जुलाब समजून दूध तोडू नका. दीड महिन्यानंतर हेच बाळ तीन दिवस, पाच दिवस, कधी आठवडाभरसुद्धा शी करत नाही. आईचं दूध इतकं पचतं की चोथाच फारसा उरत नाही. बाळ नीट पीत असेल, खेळत असेल, पोट मऊ असेल, आणि शेवटी झालेली शी मऊ असेल, तर हा बद्धकोष्ठ नव्हे.

बद्धकोष्ठ दिवस मोजून ठरत नाही, शी कशी आहे यावरून ठरतो. कोरडी, शेळीच्या लेंड्यांसारखी कडक शी म्हणजे बद्धकोष्ठ. काही बाळं शीच्या आधी दहा-वीस मिनिटं लालबुंद होतात, कुंथतात, किंचाळतात, आणि मग मऊ शी करतात. पोटाचा जोर आणि गुदद्वार सैल सोडणं या दोन गोष्टी एकत्र कशा करायच्या हे त्यांना अजून शिकायचं असतं. काही आठवड्यांत ती आपोआप शिकतात. अशा बाळाला साबणाची कांडी लावली तर आतली नाजूक त्वचा भाजते. एरंडेलानं जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. मध वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातून बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

डब्याच्या दुधावरच्या बाळाची शी वेगळी असते. ती घट्टसर, तपकिरी किंवा हिरवट, वास जास्त येणारी, दिवसातून एखादी किंवा दिवसाआड होते. डब्याचं दूध गाईच्या दुधापासून बनतं. त्यातली प्रथिनं बाळाच्या पोटात आईच्या दुधापेक्षा घट्ट धरतात. हिरवा-काळपट रंग बहुधा त्यात घातलेल्या लोहाचा असतो. म्हणजे रंग बदलला म्हणून दर आठवड्याला डबा बदलण्याचं कारण नाही. शी कडक झाली तर पहिल्यांदा माप तपासा. पाणी कमी, पावडर जास्त हे फार वेळा कारण असतं.

आता पहिला प्रश्न, दूध पुरतंय का? याचं उत्तर रडण्यात शोधू नका. बाळ भुकेनं रडतं, तसं गरमीनं, ओल्या लंगोटीनं आणि कडेवर घ्यावं म्हणूनही रडतं. उत्तर शू आणि वजन देतात. पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, दोन आठवड्यांपर्यंत जन्मवजन भरून येणं, आणि त्यानंतरचे काही महिने दरमहा किमान अर्धा किलो वजन वाढणं, एवढं होत असेल तर दूध पुरतंय. अंगणवाडीताईंकडे काटा आहे, तुमच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड आहे. सासूबाईंच्या अंदाजापेक्षा त्या कार्डावरची रेघ जास्त खरी.

बाळ जितकं ओढतं तितका पान्हा फुटतो. वरचं दूध सुरू केलं की बाळ अंगावर कमी ओढतं, पान्हा आटतो, आणि "बघा, दूध नव्हतंच" हे म्हणणं आठवड्याभरात खरं होऊन बसतं. आईनं काही चूक केलेली नसते, पण दोष तिच्या माथी येतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात बाळाला तहान लागेल म्हणून पाणी पाजतात, त्यानंही हेच होतं. आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. सहा महिने वरून पाण्याचा थेंबही लागत नाही. उन्हात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्या, आणि आईला पाणी द्या.

आता डब्याचा हिशेब मांडू. पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागतं. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं. म्हणजे दिवसाला २५ चमचे. एका चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर धरली तर ११२ ग्रॅमच्या आसपास होते. ४०० ग्रॅमचा डबा साडेतीन दिवसांत संपतो. महिन्याला आठ-नऊ डबे. आता डब्याची किंमत आणि हजार विड्यांची मजुरी शेजारी शेजारी ठेवून पाहा. म्हणून घरोघरी डबा "पुरवून" वापरला जातो. चार चमच्यांच्या जागी दोन, वर पाणी. बाळाचं पोट भरतं, पण अंग भरत नाही. ते बाळ शांत झोपतं तेव्हा त्याला तृप्त समजू नका, ते अशक्त झालेलं असू शकतं.

आणि त्यात पाणी कुठलं? उजनीसारखं मोठं धरण जिल्ह्यात असून आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की बॅरल, हंडे, पिंप भरून ठेवायचे आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. त्याच पिंपात घरातल्या सगळ्यांचे हात, मग्गे, तांबे बुडतात. मोठ्या माणसाला ते पाणी पचतं. दोन महिन्यांच्या बाळाला त्याच पाण्यातून जुलाब लागतात. डब्यावर पाण्याचं माप छापलेलं असतं, पाणी कुठून आणायचं हे छापलेलं नसतं.

हा धोका जगाला ठाऊक नाही असं नाही. गरीब देशांत डब्याच्या जाहिराती आणि फुकट नमुने यांमुळे बाळं दगावू लागली, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेनं या विक्रीला लगाम घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारतानं १९९२ साली कायदाच केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दूधपावडरीची, बाटल्यांची आणि बाळ-अन्नाची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुना देता येत नाही, दूधपावडरीच्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही. आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, ही सूचना डब्यावर ठळक छापावी लागते. म्हणून कुणी डबा लिहून दिला तर नम्रपणे पण ठामपणे विचारा, "कशासाठी? वजन किती कमी आहे? किती दिवस द्यायचा?" कारण असेल तर डॉक्टर सांगतील. विचारणं हा आपला हक्क आहे.

काही घरांत कारण खरंच असतं. आई नसते, आई गंभीर आजारी असते, तिची काही औषधं चालू असतात, किंवा सगळे प्रयत्न करूनही दूध पुरत नाही. अशा आईला टोमणे मारणाऱ्यांना आम्ही सांगू, तुमचा टोमणा बाळाच्या कामाचा नाही. त्यापेक्षा तिला पाणी उकळून द्या. पाणी गाळून खळखळून उकळायचं, झाकून ठेवायचं, पण अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. पावडर जंतूविरहित नसते. ७० अंशांपेक्षा गरम पाण्यात कालवली तर तिच्यातले जंतू मरतात. आधी पाणी मोजा, मग पावडर. चमचा सपाट, डब्यातलाच. भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करा, मनगटावर थेंब टाकून बघा. दोन तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या. बाटलीच्या बोंडात आणि बोंडल्याच्या तोटीत दूध अडकून कुजतं. उकळलेली वाटी आणि चमचा बरा. वर्षाच्या आत डब्याऐवजी गाई-म्हशीचं दूध हा उपाय नव्हे.

आणि काही वेळा थांबायचंच नाही. शी पांढरट किंवा मातीच्या रंगाची असेल, किंवा कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पित्ताची नळी बंद असेल तर ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालेलं चांगलं. शीत रक्त, हिरवी उलटी, टम्म फुगलेलं पोट, टाळू खोल जाणं, शू कमी होणं, बाळ मलूल पडणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, यांपैकी काहीही दिसलं तर घुटी-अंगारा न करता सिव्हिल हॉस्पिटलला न्या. जुलाब लागले तर अंगावर पाजणं चालू ठेवा आणि आशाताईंकडून ओआरएस व झिंक किती, कसं द्यायचं ते समजून घ्या.

पण एवढं सांगून थांबलो तर आम्हीही सगळं ओझं पुन्हा आईवरच टाकल्यासारखं होईल. आपल्या बाया विड्या वळतात, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई-घडी करतात, बांधकामावर जातात, चार घरची धुणीभांडी करतात. बाळंतपणाला महिना-दीड महिना होतो न होतो तोच कामावर जावं लागतं. २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्वाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ते बरोबर सहा महिने, म्हणजे निव्वळ अंगावर पाजण्याचा काळ. पण हजेरीपटावर नावच नसेल तर रजा कुणाला मागायची?

एकेकाळी मुंबईच्या गिरणीतल्या बाया कामावर जाताना तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत, कारण बाळ झोपलं तरच पोटाला मिळायचं. त्या काळात, २८ जुलै १९२८ रोजी, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. हे बोलणारा माणूस चार लेकरं गमावलेला बाप होता. त्यांचा राजरत्न १९२६ साली गेला होता. बाळाच्या दुधाचा प्रश्न हा आईच्या वेळेचा आणि मजुरीचा प्रश्न आहे, हे आपल्याला तेव्हाच सांगितलं गेलं आहे.

म्हणून आमचं म्हणणं वस्तीपुढे आहे. नामकरणाला दुधाच्या बाटलीचा सेट देण्याची पद्धत सोडा. त्याऐवजी आईला महिनाभर एका वेळचा डबा पोचवा. कामावर जाणाऱ्या आईला हातानं दूध काढून झाकून ठेवायला शिकवा. घरातल्या गार जागेत ठेवलं तर ते काही तास टिकतं, भर उन्हाळ्यात मात्र दोन-तीन तासांत पाजून टाकावं. विडी वळणारीनं बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुवावेत, तंबाखू बाळाच्या तोंडात जाता कामा नये. नवऱ्यानं रात्रीचं पाणी उकळावं, लंगोट धुवावेत, त्यानं पुरुषपण कमी होत नाही. महिला मंडळानं विहारात एक रविवार अंगणवाडीताईंना काटा घेऊन बोलवावं आणि वस्तीतल्या सगळ्या तान्ह्यांची वजनं करावीत. पहिल्या बाळंतपणाचे पाच हजार रुपये देणारी मातृवंदना योजना कुणाची राहिली ते त्याच बैठकीत बघावं. आणि महापालिकेकडे रस्ता-गटारीच्या मागण्यांसोबत रोजच्या स्वच्छ पाण्याची मागणी लेखी द्यावी, खाली सह्या आयांच्या घ्याव्यात.

पुढच्या वेळी एखाद्या बाळंतिणीकडे गेलात तर तिला एकच विचारा, "तू जेवलीस का?"