चमत्काराची भाषा आणि मैदानाचा इतिहास

दर चार वर्षांनी फुटबॉलच्या विश्वचषकाचे नगारे वाजू लागले की प्रस्थापित वृत्तपत्रांना उरुग्वेची आठवण होते. सुमारे पस्तीस लाख वस्तीचे एक चिमुकले राष्ट्र, एका बाजूस ब्राझील आणि दुसऱ्या बाजूस अर्जेंटिना असे दोन महाकाय शेजारी, आणि तरीही पदरात दोन विश्वचषक व दोन ऑलिंपिक सुवर्णपदके! मग ठरलेले शब्द येतात: चमत्कार, जिद्द, रक्तातील तेज. लेख संपतो, वाचक सद्गदित होतो आणि इतिहास होता तेथेच गाडलेला राहतो.

चमत्काराची ही भाषा निरुपद्रवी नाही. एखादी गोष्ट चमत्कार ठरली की तिची कारणे शोधण्याची जबाबदारी उरत नाही, आणि ती कोणी घडविली हे सांगण्याचीही नाही. उरुग्वेच्या आकाशी सदऱ्याचा अभिमान खरा आहे, पण तो कोणाच्या श्रमावर, कोणत्या कायद्यांवर आणि कोणत्या संघर्षांवर उभा राहिला, हे सांगितल्यावाचून त्याचे गोडवे गाणे म्हणजे कष्टकऱ्यांची कमाई दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे होय.

या देशात फुटबॉल आला तो ब्रिटिश भांडवलाबरोबर. १८९१ साली माँटेव्हिडिओत मध्य उरुग्वे रेल्वेच्या नोकरवर्गाने एक क्लब काढला. त्याच्या नावात क्रिकेटही होते आणि साहेबही होता. रेल्वेचे कारखाने पेन्यारोल या वस्तीत होते. तेथील कामगारांनी तो क्लब हळूहळू आपलासा केला आणि पुढे वस्तीचेच नाव क्लबला मिळाले. रेल्वेचे पिवळे-काळे रंग आजही त्याच्या सदऱ्यावर आहेत. तिकडे १८९९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांनी नासिओनाल हा क्लब स्थापिला, तो साहेबांच्या मक्तेदारीला उत्तर म्हणूनच. खेळ परक्याचा होता. तो स्वकीयांनी मिळविला.

तथापि केवळ खेळ हाती येऊन भागत नाही. खेळण्यास वेळ लागतो, जागा लागते आणि पोटात अन्न लागते. या तिन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या आरंभी उरुग्वेत पुष्कळ देशांच्या आधी कायद्याच्या कक्षेत आल्या. होसे बात्ले इ ओर्दोन्येझ हे दोनदा अध्यक्ष झाले. ते समाजवादी नव्हते, सुधारणावादी होते. पण कामगार चळवळीच्या रेट्याखाली त्यांच्या काळात जे घडले ते नजरेआड करता येणार नाही. १९०७ मध्ये देहान्त शिक्षा रद्द झाली. १९११ मध्ये शारीरिक शिक्षणाचा राष्ट्रीय आयोग स्थापन होऊन सार्वजनिक क्रीडांगणे उभारण्याचे काम सरकारने अंगावर घेतले. १९१५ मध्ये आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा कायदा संमत झाला. मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण तर त्याही आधीपासून होते. ज्या कामगाराला सूर्यास्तापूर्वी कारखान्याबाहेर पडता येते आणि ज्याच्या मुलाला घराजवळ मोकळे मैदान मिळते, त्याच्या वस्तीत चेंडू उडणारच. हाच तो चमत्कार.

या मैदानांतून जो संघ घडला त्याकडे पाहावे. कर्णधार होसे नासाझी हा संगमरवर कापणारा कारागीर. होसे लिआंद्रो आंद्रादे हा कृष्णवर्णीय हाफबॅक कार्निव्हलमध्ये वाद्य वाजवी आणि पोटासाठी बुटांना पॉलिश करी. एक्तोर कास्त्रोचा एक हात तेराव्या वर्षी विजेच्या करवतीखाली गेला होता. बालमजुरीचा तो दाखलाच त्याने आयुष्यभर अंगावर वागविला. अशा माणसांनी १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये यूगोस्लाव्हियाचा ७–०, यजमान फ्रान्सचा ५–१ आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडचा ३–० असा पराभव केला. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे अर्जेंटिनाला हरवून त्यांनी ते सुवर्णपदक राखले. युरोपातील प्रेक्षक ज्याच्या खेळावर लुब्ध झाले तो आंद्रादे १९५७ मध्ये माँटेव्हिडिओत दारिद्र्यात मरण पावला, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

कृष्णवर्णीयांना राष्ट्राच्या सदऱ्यात उतरविणे त्या काळी सोपे नव्हते. १९१६ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे दक्षिण अमेरिकेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. उरुग्वेने चिलीचा ४–० असा पराभव केला आणि त्यांपैकी दोन गोल इसाबेलिनो ग्रादीन याने केले. त्यावर चिलीच्या प्रतिनिधींनी तक्रार गुदरली, ती अशी की उरुग्वेने संघात दोन आफ्रिकन घेतले आहेत. ग्रादीन आणि हुआन देल्गादो हे दोघेही उरुग्वेचे नागरिक होते. गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशात जन्मले, एवढाच त्यांचा अपराध. तक्रार टिकली नाही, स्पर्धा उरुग्वेने जिंकली आणि ग्रादीन सर्वाधिक गोल करणारा ठरला. छोट्या राष्ट्राचा खरा मोठेपणा शोधावयाचा तर तो येथे आहे. शेजाऱ्यांना ज्यांचे अस्तित्व खुपत होते, त्यांच्यासह हे राष्ट्र मैदानात उतरले.

१९३० चा पहिला विश्वचषक राज्यघटनेच्या शताब्दीनिमित्त माँटेव्हिडिओत भरला. प्रवास व निवास यांचा खर्च सोसण्याची तयारी यजमानांनी दर्शविली, तरी मुदत संपेपर्यंत युरोपातून एकाही संघाची नोंद झाली नाही. अखेर झूल्स रिमे यांनी खटपट केली तेव्हा चार संघ बोटीने आले. सेंतेनारिओ स्टेडियम अवघ्या काही महिन्यांत उभे राहिले. १८ जुलै रोजी त्यात पहिला गोल केला तो कास्त्रोने, आणि ३० जुलै रोजी अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध ४–२ असा शेवटचा शिक्का मारला तोही कास्त्रोनेच. करवतीने ज्याचा हात नेला, त्या मजुराच्या नावाने जगातील पहिल्या विश्वचषकाची अखेर झाली. चार वर्षांनी इटलीतील स्पर्धेकडे उरुग्वेने पाठ फिरविली. युरोपने केलेली उपेक्षा हे त्याचे एक कारण होते. विजेत्याने आपला चषक राखण्यास न जाण्याचा असा प्रसंग पुन्हा घडलेला नाही.

येथे त्या प्रसिद्ध ‘चारुआ पंजा’चा समाचार घेणे प्राप्त आहे. पिछाडीवरून सामना खेचून आणण्याच्या उरुग्वेच्या वृत्तीला तेथे चारुआ या आदिवासी जमातीचे नाव देतात. जणू त्या रणशूरांचे रक्तच खेळाडूंच्या धमन्यांतून वाहते! मग त्या चारुआंचे झाले काय? ११ एप्रिल १८३१ रोजी, राज्यघटना होऊन वर्षही झाले नव्हते तोच, पहिले अध्यक्ष फ्रुक्तुओसो रिव्हेरा यांच्या फौजेने त्यांना साल्सिपुएदेस येथे बोलावून घेतले आणि कापून काढले. वाचलेल्या बायकामुलांना घरकामासाठी वाटून टाकले. १८३३ मध्ये चौघांना पॅरिसला नेऊन प्राण्यांसारखे प्रदर्शनात मांडले. त्यांतील वाइमाका पेरू या वृद्ध सरदाराच्या अस्थी मायदेशी परतल्या त्या २००२ साली. ज्यांना जमिनीवरून पुसून टाकले त्यांचे शौर्य सदऱ्यावर मिरविण्याचा हा प्रकार सर्व देशांच्या सत्ताधाऱ्यांस परिचित आहे. जिवंत आदिवासी नकोसा असतो, त्याचे नाव मात्र हवे असते. रक्ताच्या या पुराणकथेचा एक लाभ असा, की नासाझीचा कारखाना, ग्रादीनची कातडी आणि आठ तासांचा कायदा या सर्वांवर तिचा पडदा पडतो.

मग १६ जुलै १९५०. रिओचे माराकाना स्टेडियम, तिकीट काढून आलेले पावणेदोन लाख प्रेक्षक आणि बरोबरीही ज्याला पुरेशी होती असा ब्राझील. उत्तरार्धाच्या आरंभीच ब्राझीलने गोल केला. कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला याने चेंडू काखेत मारला आणि शांतपणे पंचांशी वाद घालण्यास सुरुवात केली. स्टेडियमचा जल्लोष ओसरेपर्यंत त्याने खेळ सुरू होऊ दिला नाही. त्यानंतर स्किआफिनो आणि घिग्जिया यांनी एकेक गोल केला व उरुग्वे २–१ असा जिंकला. ही हकीकत सर्वत्र छापली जाते. छापले जात नाही ते हे, की हाच व्हारेला १९४८ च्या अखेरीस सुरू होऊन कित्येक महिने चाललेल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संपाचा अग्रणी होता. लहानपणी वर्तमानपत्रे विकणारा, प्राथमिक शाळाही पुरी न करू शकलेला हा माणूस. खेळाडूंच्या संघटनेला मान्यता मिळावी, क्लबांनी खेळाडूला वेठबिगारासारखे बांधून ठेवू नये, यासाठी त्याने मालकांशी झुंज दिली. दोन लाखांच्या गर्जनेपुढे न डगमगण्याचे शिक्षण त्याला रक्ताने दिले नव्हते. ते संपाने दिले होते.

विजयानंतर काय झाले? पदाधिकाऱ्यांनी स्वतःस सुवर्णपदके घेतली आणि खेळाडूंच्या हाती रौप्यपदके ठेवली, असे तेथे सांगितले जाते. व्हारेला मेजवानीस गेला नाही. त्याने ती रात्र रिओच्या मद्यगृहांत पराभूत ब्राझिलियनांसमवेत काढली, आणि त्यांचे दुःख पाहून आपल्या विजयाचा आनंद त्याला उरला नाही. पुढे पेन्यारोलच्या सदऱ्यावर जाहिरात आली तेव्हा ती अंगावर वागविण्यास त्याने नकार दिला. १९९६ मध्ये तो निर्धन अवस्थेत वारला. पलीकडे ब्राझीलमध्ये पराभवाचे खापर बार्बोसा, बिगोदे व जुव्हेनाल या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या माथी फुटले. गोलरक्षक बार्बोसाने तर २००० साली मरेपर्यंत तो डाग वाहिला. दोन्ही देशांत मान वरिष्ठांचा आणि शिक्षा खालच्यांची, हा नियम अबाधित राहिला.

त्याच स्पर्धेत भारताचाही प्रवेश झाला होता, कारण गटातील अन्य देशांनी माघार घेतली होती. यजमान प्रवासाचा बहुतांश भार उचलण्यास तयार होते. तरीही येथील फुटबॉलच्या धुरीणांनी संघ धाडला नाही. पुढे अनवाणी खेळण्यास बंदी होती म्हणून भारत गेला नाही, ही कथा प्रचलित झाली आणि दोष खेळाडूंच्या पायांवर गेला. निर्णय घेणारे मात्र निर्दोष सुटले.

आता डाव्या चळवळीतीलच एका आक्षेपाचा विचार करावयास हवा. खेळ म्हणजे जनतेला चारलेली अफू, तिच्यात कार्यकर्त्याने लक्ष कशास घालावे, असे पुष्कळ प्रामाणिक मंडळी म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. माराकानानंतरच्या दशकात लोकर व मांस यांची निर्यात ढासळू लागली आणि देशाची घडी विस्कटली, तेव्हा १९५० च्या स्मृती उगाळणे हा राज्यकर्त्यांना सोयीचा उद्योग झाला. परंतु अफूचा सिद्धांत १९८० च्या उरुग्वेपुढे अपुरा पडतो.

२७ जून १९७३ रोजी अध्यक्ष बोर्दाबेरी व लष्कर यांनी संसद मोडली. त्याच दिवशी कामगारांनी सार्वत्रिक संप पुकारला आणि कारखाने ताब्यात घेऊन तो पंधरा दिवस चालविला. संपकऱ्यांना डांबण्यासाठी माँटेव्हिडिओतील ‘सिलिंद्रो’ हे बंदिस्त क्रीडागृहच तुरुंग झाले. पुढे हजारो लोक कैदेत गेले, छळले गेले, परागंदा झाले. आपली सत्ता घटनेत कायम करण्यासाठी लष्कराने ३० नोव्हेंबर १९८० रोजी सार्वमत घेतले आणि सुमारे ५७ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. महिनाभरातच विश्वचषकाच्या पन्नाशीनिमित्त माजी विजेत्यांची स्पर्धा सेंतेनारिओत भरली. इंग्लंड आले नाही, त्याच्या जागी नेदरलँड्स आले. विजयाच्या जल्लोषात सार्वमताचा पराभव बुडेल हा सत्ताधीशांचा हिशेब होता. १० जानेवारी १९८१ रोजी उरुग्वेने ब्राझीलला २–१ असे हरविलेही. पण त्याच स्टेडियममधून, सैनिकांच्या देखत, लष्करशाहीचा अंत जवळ आला आहे अशी घोषणा घुमली. जेथे पाच माणसांना एकत्र जमण्याची चोरी होती तेथे हजारोंना एकत्र जमण्याची जागा सत्तेनेच उपलब्ध करून दिली होती. चार वर्षांनी, मार्च १९८५ मध्ये, लोकनियुक्त सरकार आले. ते फुटबॉलने आणले असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल. ते संपकऱ्यांनी, कैद्यांनी आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मतदारांनी आणले. पण ते लोक आपला सदरा लष्कराच्या स्वाधीन करून घरी बसले नाहीत, हा धडा विसरता येणार नाही. जेथे जनता आहे ते स्थान सोडून देणारा कार्यकर्ता ते प्रतिपक्षाला आंदण देतो.

हा झगडा संपलेला नाही. उरुग्वेची मुले आज कोवळ्या वयात युरोपच्या बाजारात विकली जातात. लोकरीची जागा पायांनी घेतली, एवढाच फरक. तथापि २००६ पासून पंधरा वर्षे राष्ट्रीय संघ सांभाळणारे ऑस्कर ताबारेझ हे मूळचे प्राथमिक शिक्षक. अभ्यास आणि सभ्य वर्तन हाही प्रशिक्षणाचा भाग मानून त्यांनी २०१० मध्ये संघाला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेले व २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेचे पंधरावे अजिंक्यपद मिळविले. २०१६ मध्ये राष्ट्रीय संघातील नामवंत खेळाडूंनी आपल्या प्रतिमेच्या व सदऱ्याच्या हक्कांवरील खासगी मक्तेदारीविरुद्ध एकजूट केली. व्हारेलाचा वारसा पाळावयाचा तर तो असा पाळला जातो, केवळ पुतळ्यांना हार घालून नव्हे.

तेव्हा पुढल्या विश्वचषकाच्या वेळी कोणी उरुग्वेच्या चमत्काराची कहाणी सांगू लागला, तर त्याला विचारावे: आठ तासांचा दिवस कोणी मिळविला? मैदाने कोणाच्या पैशाने झाली? संप कोणी केला आणि पदके कोणी घेतली? या प्रश्नांची उत्तरे ज्या अभिमानाला देता येतात तो जनतेचा अभिमान. ज्याला देता येत नाहीत तो राज्यकर्त्यांचा, आणि तो त्यांच्याच गळ्यात शोभतो.